सातव्या घराची धूळ

१२ मे

वकीलीणबाई,

लहानपणी प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालायचीस, म्हणून अजून हीच हाक. खोकं पोचलं. फुटलं नाही, भिजलं नाही. पोस्टमन म्हणाला, "आजोबा, एवढं जपून काय मागवलंत?" मी म्हटलं, "रिकाम्या पिशव्या." तो माझ्याकडे बघतच राहिला. माझं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असणार.

तुझा फोन आला तेव्हा तुझ्या आईने तो माझ्या कानाला लावून दिला, पण मला नुसती गुणगुण ऐकू आली. जन्मभर गल्लीतल्या कारखान्यात बॅटऱ्या फोडल्या, कान तिथेच राहिले. म्हणून लिहितो. माझं अक्षर तुला लागतं, तेवढं पुरे.

आधी हे सांग, हातमोजे घालतेस ना? डोळ्यांवर काही लावतेस ना? तिथे आम्लं असतील. आम्ल कुणाचं ऐकून घेत नाही. आणि वेळेवर जेव. अभ्यासाच्या नादात उपाशी राहशील, मग चक्कर येऊन काचेच्या सामानावर पडशील. या विचाराने मला झोप नाही.

तुझ्या आईने समजावलं ते मला असं कळलं: ज्या घरांतून आजवर कुणी प्रयोगशाळेची पायरी चढलं नाही, त्या घरांतली मुलं वर्षभर कॉलेजात राहायला बोलवायची, एकेका मुलामागे एक शिकलेलं माणूस उभं करायचं, आणि मुलांनी स्वतःचा प्रश्न घेऊन खरं संशोधन करायचं. चुकत असेन तर लवकर कळव. शेजारच्या शिवणवालीला मी असंच सांगून बसलोय, आता बदललं तर माझी पंचाईत.

प्रयोगशाळेतल्या तुमच्या बाई म्हणाल्या, "प्रश्न पुस्तकातून नको, तुझ्या गल्लीतून आण," हे मला फार पटलं. आणि तू आणलास तोही बरोबर. कारखाना बंद पडला तरी शिसं उठून कुठे जाणार? ते घराघरांत बसलेलं असणार. किती आहे ते मोज.

पिशव्या घेऊन बाराही घरं फिरलो. आठवडाभर झाडू नका, खिडकीचा कठडा, उंबरठा आणि मूल झोपतं तिथली फरशी, एवढ्या तीन जागा ब्रशने झाडून घ्यायच्या, सगळं तू लिहिलंस तसं. शिवणवाली दारातच उभी राहिली. म्हणाली, "म्हणजे काका, माझी सासू मेली पण कॉलेज बघितलं नाही तिने, आणि आमची धूळ आता कॉलेजात जाणार?" मी म्हटलं, "जाऊ दे की, घरातलं कुणीतरी शिकेल." हसली, पण पिशवी गच्च भरून दिली.

आपलं घर सातवं. त्याचीही पिशवी भरली, वर आकडा चिकटवला. आपल्या घराची काळजी करू नकोस.

तुझा आजोबा

९ जून

वकीलीणबाई,

तुझं पत्र शिवणवालीला मोठ्याने वाचून दाखवलं. बारा घरांत सगळ्यांत कमी शिसं आपल्या घरात! ती म्हणाली, "वा काका! नातीने मोजलं आणि आजोबांचंच घर पहिलं आलं." मी म्हटलं, "यंत्राला नातं कळत नाही." पण तिने जे तोंड केलं ते मला आवडलं नाही.

आपलं घर कारखान्याच्या भिंतीला लागून, तरी एवढं स्वच्छ कसं, असं तू विचारतेस. बाईंनाही प्रश्न पडलाय म्हणतेस. अगं, तुझी आई रोज कामावर जाण्याआधी ओल्या फडक्याने सगळी फरशी पुसते. इतर बायका नुसता कोरडा झाडू मारतात, धूळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. तेच कारण असणार. दुसरं काय असणार? तसं लिहून टाक.

ती चष्मेवाली तुला रोज शिकवते हे बरं झालं. तुझ्याहून दोन वर्षं पुढे, आणि तीही आपल्यासारख्याच घरातली, म्हणजे तुला लाजायला नको. तिला माझा नमस्कार सांग. एकच मोजणी तीनतीनदा करायला लावते म्हणून रागावू नकोस.

इकडे सगळं ठीक. धाकटा अजून बोलत नाही. हातवारे करतो, पाण्याला 'पा' म्हणतो, पुढे गाडी जात नाही. तुझी आई म्हणते, "याच्या वयाला ताई घर डोक्यावर घ्यायची." मी म्हणतो, मुलगे उशिरा बोलतात. दिवसभर माझ्यामागे असतो. तुझी आई कामावर गेली की मी मागच्या मोरीत, मासे धरायची जाळी विकतो त्या जाळीवाल्याचं काम घेऊन बसतो. हातांना सवय, रिकामे राहिले की थरथरतात. धाकटा समोर बसून टक लावून बघतो. त्याला एक छोटा हत्ती करून दिला. तो तोंडातून काढायला तयार नाही, झोपतानासुद्धा.

तुझ्या बाबाचा फोन आला होता, ट्रक घेऊन लांब गेलाय. तुझं ऐकून खूश झाला.

तुझा आजोबा

३० जून

वकीलीणबाई,

तुमची माणसं येऊन गल्लीतल्या लहान मुलांचं रक्त घेऊन गेली. आधी कळवलं असतंस तर बरं झालं असतं. धाकटा इतका रडला की निळा पडला. मी त्या सुईवाल्या मुलाला म्हटलं, "याला कशाला टोचता? आमचं घर स्वच्छ निघालंय, विचारा कॉलेजात." तो म्हणाला, "आजोबा, म्हणून तर हवंय. स्वच्छ घरातलं मूल तुलनेला लागतं." शब्द तुझेच होते, मी ओळखले.

तू सगळ्यांसमोर बोलणार आहेस असं तुझी आई म्हणाली. मोठमोठे लोक बसणार, आणि तू सांगणार की रोज ओल्या फडक्याने पुसलं तर शिसं घरात टिकत नाही, हे बघा सातवं घर. तिला केवढा आनंद झालाय. तिच्या फडक्यावर कुणी भाषण करील असं तिला कधी वाटलं नव्हतं.

पण मी म्हणतो, एका घरावर एवढा भार कशाला टाकतेस? अकरा घरं आहेत की. त्यांचं बोल. सातवं घर सोडून दिलंस तर कुणाचं काय बिघडणार आहे? बाईंना विचारून बघ. माझं नाव सांगू नकोस.

मला दोन दिवस छातीत धडधडतंय. पित्त असेल.

तुझा आजोबा

१८ जुलै

बाळ,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ. मी उलटून बघितलं, मागेही काही नव्हतं.

"आजोबा, आपल्या घराची धूळ तुम्ही नक्की कुठून घेतलीत?"

हे काय विचारणं झालं? घराची धूळ घरातूनच घेणार. खिडकीचा कठडा, उंबरठा, फरशी. तूच लिहिलं होतंस ना? तुझ्या आजोबावर विश्वास नसेल तर यंत्राला विचार. तुला खांद्यावर घेऊन शाळेत सोडणारा माणूस मी, आणि आता मलाच उलटतपासणी?

धाकट्याच्या रक्तात गल्लीतल्या सगळ्या मुलांपेक्षा जास्त शिसं निघालं, हे तुझ्या आईकडून कळलं. ते चूक असणार. नळी बदलली असेल. एवढ्या मुलांच्या नळ्या एकाच खोक्यात टाकून नेल्या, माझ्या डोळ्यांनी बघितलं. परत तपासा म्हणावं.

दवाखान्याची गाडी उद्या त्याला न्यायला येणार आहे. तुझी आई कालपासून माझ्याशी बोललेली नाही. मी काय केलं?

धूळ घरातलीच आहे. तू बाईंना तसं ठामपणे सांग.

आजोबा

६ ऑगस्ट

बाळ,

उत्तर नाही. फोन तुझ्या आईला येतो, ती दार लावून बोलते.

धाकटा दवाखान्यातून आला तो थेट तुझ्या मामाकडे गेला. त्याचे कपडे न्यायला तुझी आई आली होती. मी म्हटलं, "हत्ती राहिला त्याचा." ती हातातलं सगळं खाली टाकून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, तो हत्ती कशाचा केला होतात?"

मी म्हटलं, "जाळीवाल्याच्या वजनांचं शिसं उरलं होतं, त्याचा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आजोबा

२९ ऑगस्ट

बाळ,

तुमच्या बाई घरी येऊन गेल्या. सोबत चष्मेवाली. मला वाटलं होतं बाई म्हणजे गोऱ्यागोमट्या, मोठ्या घरच्या असतील. त्या दारात चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेतलं. म्हणाल्या, "माझे वडील रंगाचे डबे घासायचे, आजोबा. तुमच्या हातांसारखेच हात होते त्यांचे." मला ऐकू यावं म्हणून माझ्या डाव्या कानाशी येऊन बोलत होत्या.

मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी विचारलं, "मागची मोरी बघू?"

मी दार उघडलं. लोखंडी कढई, पळी, साचे, भिंतीवर काळी राख, फरशीच्या सांध्यांत चकाकणारे थेंब. चष्मेवालीने एक हात नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने बाईंचा दंड धरला. बाई उंबऱ्यावरच थांबल्या. मग म्हणाल्या, "बाळ कुठे बसायचं?" मी जागा दाखवली. कढईपासून हाताच्या अंतरावर.

तिथे मी खाली बसलो.

आता तुला सांगतो. तुझा कागद वाचला, आठवडाभर झाडू नका. मी झाडलं. नुसतं झाडलं नाही, साबणाने धुतलं, मोरीसकट. तुझी आई म्हणाली, "बाबा, ती धुऊ नका म्हणते ना?" मी म्हटलं, "तुला काय कळतंय? एवढ्या शिकलेल्या माणसांच्या पुढ्यात आपल्या घराची घाण ठेवायची?" मग पिशवीत भरायला धूळच उरली नाही. म्हणून चढावरच्या नव्या दवाखान्यात गेलो आणि त्यांच्या खिडकीच्या कठड्यावरची घेतली. तिथल्या शिपायाने हटकलं, तर मी म्हटलं नातीच्या अभ्यासाला हवी. त्याने उलट झाडायला मदत केली.

बाईंना एवढंच सांगितलं. तुला पुढचंही सांगतो. नुसती लाज नव्हती. तू शिसं मोजणार हे मला माहीत होतं, आणि मोरीत शिसं वितळतं हेही मला माहीत होतं. कारखान्यात आम्हाला दूध द्यायचे, वर सांगायचे, दूध प्या म्हणजे बाधत नाही. मी धाकट्याला रोज दूध देत होतो. त्याने त्याला काही होईल असं मला वाटलं नाही, यावर तू विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. पण तुला कळलं तर तू माझं काम बंद करशील, असं वाटलं. कान गेले, कारखाना गेला, तुझी आजी गेली. एवढा एक उद्योग होता ज्यासाठी कुणीतरी माझ्या दारात येऊन म्हणायचं, "आजोबा, तुमच्यासारखी वजनं कुणी ओतत नाही." ते जाईल म्हणून मी घाबरलो.

बाई म्हणाल्या, "तुमच्या पत्रावर ती उभी राहिली होती, आजोबा."

मी म्हटलं, "म्हणजे?"

चष्मेवालीने सांगितलं. समोर बसलेल्यांपैकी एक मोठे सर म्हणाले, घर सगळ्यांत स्वच्छ आणि त्याच घरातल्या मुलाचं रक्त सगळ्यांत वाईट, हे जमत नाही. मुलीने घरची अब्रू झाकायला आकडे बदललेत. आणि मग म्हणाले, अशा मुलांना ओढून वर आणलं की हेच होतं, यांना शिस्त ठाऊक नसते. तू म्हणालीस, "नमुना माझ्या आजोबांनी घेतलाय. मी त्यांना विचारलंय. ते खोटं बोलणार नाहीत."

तुझं काम थांबवलं, तुझी वसतिगृहातली खोली काढून घेणार होते, आणि पुढच्या वर्षी आपल्यासारख्या घरांतली मुलं घ्यायची की नाही याचीच बोलणी सुरू झाली. हे सगळं माझ्या त्या एका ओळीमुळे. धूळ घरातलीच आहे, म्हणून.

मी बाईंना म्हटलं, "मला घेऊन चला. मी त्या सरांच्या पायावर डोकं ठेवतो." त्या म्हणाल्या, "डोकं नको. धूळ द्या. खरी."

चष्मेवालीने हातमोजे घालून मोरीतून, फरशीतून, धाकट्याच्या गादीखालून घेतली. मी ब्रश मागितला तर म्हणाली, "नको आजोबा, आता आम्हीच घेतो." प्रेमाने म्हणाली, पण दिला नाही.

आजोबा

१४ ऑक्टोबर

बाळ,

बाईंनी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं, ज्यांनी ज्यांनी धूळ दिली त्यांना. मला वेगळं बोलावणं नव्हतं. मी शिवणवालीला विचारलं, "मी आलो तर चालेल का?" ती म्हणाली, "गाडीत जागा आहे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

तू मला बघितलंस की नाही, माहीत नाही. मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला होतो. केस कापलेस. बरे दिसतात. पडद्यावर आपल्या मोरीचं चित्र आलं तेव्हा सगळी गल्ली पुढे वाकली. शिवणवालीने पदर तोंडाला लावला. तू बोलता बोलता थांबलीस, पाणी प्यायलीस, खाली न बघता काहीतरी बोललीस. मोठं नव्हतं, एखाद्या वाक्याचं असेल. तुझ्यावर आळ घेणारे ते सर, म्हणजे चष्मेवालीने दाखवले ते, त्यांनी मान खाली घातली. मग टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कशासाठी ते न कळता.

परतीच्या गाडीत शिवणवालीला विचारलं, "मोरीपाशी काय म्हणाली गं?"

"सगळ्यांचे आभार मानले."

"तिथे नाही मानले. शेवटी मानले. मोरीपाशी काय म्हणाली?"

"काका, खिडकी लावा, वारा लागतोय."

एरवी ही बाई एक टोमणा सोडत नाही. मला हव्या त्या वेळी हिची जीभ आखडली. मी घरापर्यंत तिचा पिच्छा सोडला नाही. शेवटी दारात उभी राहून ती माझ्या डाव्या कानात म्हणाली, हळू बोलायला गेली आणि रडायला लागली, म्हणून परत सांगावं लागलं. तू म्हणालीस, "हा नमुना खोटा निघाला, ती चूक माझी. मी प्रत्येक घराची खात्री करून घेतली, या एका घराची घेतली नाही, कारण तिथल्या माणसावर माझा विश्वास होता."

माझी नात म्हणाली नाहीस, आजोबा म्हणाली नाहीस. तिथला माणूस. बरोबर आहे. तिथे तसंच बोलायचं असतं, चष्मेवाली नंतर घर मोजायला आली तेव्हा तिने मला समजावलं. पण चूक तू अंगावर घ्यायला नको होती. ती माझी होती. त्या सरांना सांगायला हवं होतंस, म्हातारा खोटारडा आहे. मी खांबामागून उठून हो म्हटलं असतं.

यापुढे कुणाचंही घर तपासशील तेव्हा तपासून घे. आपल्या माणसाचं असेल तर दोनदा घे. माझं ऐकायची आता गरज नाही, तरी एवढं ऐक.

बाईंनी कळवलंय, तुझं काम चालू राहणार आणि पुढच्या वर्षी नवी मुलं येणार. धाकट्याचं शिसं उतरतंय. बोलण्याचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, गेलं त्यातलं सगळं परत येईल असं सांगता येत नाही. तुझ्या बाबाने हे ऐकून फोन ठेवून दिला, पुन्हा केला नाही.

मोरी फोडून नवी घातली. भिंती खरवडल्या, गाद्या जाळल्या, कढई आणि साचे नगरपालिकेची माणसं घेऊन गेली. मी तुझ्या आईला निरोप धाडला, घर स्वच्छ आहे, बाईंनी स्वतः मोजलंय, धाकट्याला घेऊन ये. ती आली, सगळं फिरून बघितलं. तिला फरशी आवडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "घर खरवडलंत, बाबा. पण तुम्ही आहातच की घरात."

तिचा राग धरू नकोस. मी धरलेला नाही. तिच्या जागी मी असतो तर आधीच बोललो असतो.

शिवणवालीच्या मागच्या बाजूला एक खोली रिकामी होती, तिथे आलोय. अंथरूण, तांब्या आणि तुझी पत्रं, एवढंच आणलं. कपड्यांत शिसं असेल म्हणून ते दारातच सोडून आलो, शिवणवालीने दुसरे दिले. काल संध्याकाळी आपल्या खिडकीत दिवा लागलेला दिसला. धाकटा दिसला नाही, पण त्याची सावली भिंतीवर धावत होती.

सुट्टी लागली की घरी ये, बाळ. धाकट्यासाठी ये, आईसाठी ये. संकोच करू नकोस. मी तिथे नसतो.

आजोबा